सासूबाईंना घेऊन न्यूयॉर्क: बिझनेस क्लासमध्ये सीट कोणती घ्यावी?

लक्ष्मीनगरवाली

नमस्कार मंडळी. आधीच सांगून टाकते, बिझनेस क्लास मी आजवर फक्त विमानातून उतरताना पाहिलाय. तोही तिथले लोक निघून गेल्यावर, विसकटलेल्या पांघरुणांसकट. त्यामुळे प्रश्न बावळट वाटला तर हसा, पण उत्तर द्या.

सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. दोन्ही गुडघे बदललेत, डावा मागच्या दिवाळीनंतर. दीर न्यू जर्सीत असतात. त्यांच्या मुलाची मुंज मे महिन्यात आहे आणि आजी आल्याशिवाय मुंज करायची नाही असा त्यांचा हट्ट. "वहिनी, आईला इकॉनॉमीत आणायचं नाही, पैशाचं मी बघतो," म्हणाले. सोबत म्हणून मी. म्हणजे फुकटात माझी चंगळ, पण ती चंगळ आई झोपल्या तरच.

धरमपेठेतल्या एजंटनं तीन रस्ते दिलेत. कतारनं नागपूर–दोहा–न्यूयॉर्क, एअर इंडियानं नागपूर–दिल्ली आणि तिथून न्यूयॉर्क, किंवा मुंबईला जाऊन एमिरेट्सनं दुबईमार्गे. "तिन्हींत सीट फ्लॅट होते मॅडम, काही फरक नाही." मी २६ वर्षं बँकेत काढली आहेत. 'काही फरक नाही' म्हणत कागद पुढे सरकवणारा माणूस दिसला की मी आधी चष्मा लावते.

अडचण अशी. आई रात्री दोन-तीनदा उठतात. उठताना दोन्ही हातांनी पलंगाचा काठ धरतात, मग "हं" म्हणतात, मग उभ्या होतात. ते "हं" होईपर्यंत कोणी हात लावलेला चालत नाही. डावा गुडघा काटकोनाच्या फारसा पुढे वळत नाही. कांदा-लसूण नाही. आणि एकट्या झोपत नाहीत. मी दिसले नाही तर हाक मारतात, आणि त्यांची हाक आमच्या गॅलरीतून बजाजनगरच्या चौकापर्यंत जाते.

यूट्यूबवर वीस-बावीस व्हिडिओ पाहिले. सगळे शॅम्पेनचा ग्लास, सपाता आणि अत्तराची बाटली दाखवून राहिले. त्या गादीवरून माणूस उठतो कसा, हे एकानंही दाखवलं नाही.

फिरता इंजिनियर

ताई, प्रश्न बावळट नाही, उलट व्हिडिओवाल्यांना विचारायला हवा असा आहे. मी कंपनीच्या पैशानं वर्षातून सात-आठ फेऱ्या करतो, त्या भरवशावर सांगतो.

एजंटला एअरलाइन विचारू नका, विमान विचारा. एकाच कंपनीच्या दोन विमानांत फर्स्ट एसी आणि थ्री टिअरइतका फरक निघतो. एमिरेट्सचंच घ्या. त्यांच्या ए३८० मध्ये बिझनेस वरच्या मजल्यावर, मांडणी १-२-१ (एक सीट, रस्ता, दोन सीट, रस्ता, एक सीट), म्हणजे प्रत्येक सीटला स्वतःचा रस्ता, मागे चक्क बार. पण जुन्या ७७७ मध्ये २-३-२. हो, बिझनेसमध्ये तिघांच्या मधली सीट! रात्री उठायचं तर शेजारच्याच्या पायांवरून जायचं. २०२४ पासून ते ही ७७७ दुरुस्त करून १-२-१ करताहेत, पण तुमच्या वाट्याला कुठलं येईल हे बुकिंगच्या नकाशावरच कळतं. दुबई–न्यूयॉर्कला ए३८० असतं, ती काळजी नाही. पण नागपूर–मुंबई वेगळ्या तिकिटावर काढलंत तर मुंबईला बॅगा घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागेल. बदललेल्या गुडघ्यांनी ते नको.

एअर इंडियानं नोव्हेंबर २०२४ पासून दिल्ली–न्यूयॉर्कला ए३५० लावलं. त्यात बिझनेसच्या २८ सीट, १-२-१, सरकतं दार. सीट चांगली आहे, मी बसलोय. पण त्याच कंपनीच्या जुन्या ७७७ मध्ये तेच २-३-२, म्हणून तुमच्या तारखेला कुठलं विमान आहे ते पाहाच. आणि २०२५ च्या एप्रिलपासून पाकिस्तानची हद्द आपल्या विमान कंपन्यांना बंद झाल्यावर अमेरिकेच्या फेऱ्यांना वळसा पडला, तेवढा वेळ धरून चाला.

कतारचं नागपूरचं विमान छोटं, ए३२०, बिझनेसमध्ये २-२. चार तासांचा प्रवास, त्यात दाराबिराची अपेक्षा ठेवू नका. खरी गोष्ट दोह्यापासून पुढे. तिथून न्यूयॉर्क साधारण चौदा तास, आणि त्या विमानात क्यूस्वीट असेल तर मी डोळे मिटून तेच घ्या म्हणेन. २०१७ साली आलेली सीट आहे. १-२-१, दार आहे, आणि सीट एक सरळ तोंडाची तर दुसरी उलट तोंडाची अशा विणलेल्या. मधल्या ओळीत ई आणि एफ एकमेकांना चिकटून असतात. मधला पडदा खाली जातो आणि दोन सीटचा एक डबलबेड होतो. आपला फर्स्ट एसीचा कूपे समजा. सासूबाईंनी हात लांब केला की तुम्ही सापडाल, बजाजनगरला कळायचं कारण नाही. एक मात्र आहे, ई-एफ उलट तोंडाच्या असतात. विमान उचलताना माणूस पट्ट्यावर थोडा पुढे ओणवा होतो. पाच मिनिटांची गंमत, पण आधी सांगून ठेवा. आणि कतारच्याच ७८७ मध्ये क्यूस्वीट नाही, हेही लक्षात ठेवा.

आता तुमचा मूळ प्रश्न, उठायचं कसं. गादीवरून उठायचंच नाही. सीट सपाट असताना ती घरच्या पलंगापेक्षा खाली असते आणि धरायला काठ नसतो. बटण दाबा, सीटला आधी खुर्ची होऊ द्या, पाय जमिनीला टेकू द्या, मग "हं". पुष्कळ सीटना रस्त्याकडचा खुर्चीचा हात खाली दाबला जातो, तोही दाबून घ्या. परत आल्यावर बटण, पुन्हा गादी. एका फेरीला दोन मिनिटं लागतील.

याच कारणानं सिंगापूर एअरलाइन्सची ७७७ मधली सीट मी गुडघेवाल्यांना सुचवत नाही. बसायला राजेशाही, २८ इंच रुंद. पण तिची गादी बटणानं होत नाही. पाठ पुढे उलटी पाडतात, मागच्या बाजूला गादी असते. हवाई सुंदरी येऊन करून देते, झोप उत्तम लागते, पण रात्री खुर्ची हवी तर सगळं आवरून पुन्हा उलटायचं.

आणि पाय. १-२-१ मध्ये जागा कुठून येते? तुमचे पाय पुढच्याच्या टेबलाखालच्या कोनाड्यात जातात. तो कोनाडा कुठे बऱ्यापैकी, कुठे बुटांच्या खोक्याएवढा. कुशीवर वळताना गुडघा अडकतो. कप्प्यातल्या पहिल्या ओळीला पुढे भिंत असते, तिथे कोनाडा बहुतेक वेळा मोठा मिळतो. मात्र पहिल्या ओळीजवळ स्वयंपाकघर असेल तर रात्रभर ट्रॉल्यांची खडखड. मी गुडघ्यांसाठी खडखड सहन केली असती.

बर्डीचा बाब्या

ताई, मी एअरपोर्टची गाडी चालवतो. दोहावाले पॅसेंजर हप्त्यातून दोन-तीन असतेच. ते विमान पहाटेचं राहते, म्हणून घरून रात्री लवकर निघा. आजीबाईले झोपवून मंग उठवू नका, सरळ जागवून न्या. गेटवर गाडी थांबल्यावर व्हीलचेअर शोधत बसू नका. तुम्ही एकट्या आत जाऊन पोराले घेऊन या, तोवर आजी गाडीत एसीत बसतील. मे महिन्यात रात्रीबी कसं तापते ते तुम्हाले काय सांगू.

बाकी ते बिझनेसचं तिकीट जाऊन-येऊन केवढ्याले पडते हे मी एका साहेबाले विचारलं होतं. आकडा ऐकून क्लच सुटला माझा. तेवढ्यात सेकंडहँड इनोव्हा येते बाप्पा! तुमच्या दिराले माझा रामराम सांगा.

रामदासपेठची काकू

इंजिनियर साहेबांनी सीटचं छान सांगितलं. मी दोन गोष्टी घालते, दोन्ही अंगावर आलेल्या.

पहिली, बटणावर फार भिस्त ठेवू नको गं. मुलाकडे जर्मनीला जाताना माझी सीट सपाट झाली ती झालीच. कंपनीचं नाव घेत नाही, मोटर कोणाचीही बिघडू शकते. विमान उतरायला आलं की सीट सरळच लागते, त्यांचा नियम आहे. मी आडवी, सगळं विमान पट्टे बांधून बसलेलं. शेवटी एक मुलगी आली, गुडघ्यांवर बसली, सीटच्या खाली कोपरापर्यंत हात घालून काहीतरी चाचपलं, पट्ट्यासारखं काही तिनं ओढलं आणि पाठीला गुडघा लावून सीट उभी केली. मला म्हणाली, "मॅम, प्लीज डोन्ट मूव्ह." मी कुठं हलते! तेव्हा बसल्याबसल्या, विमान उडायच्या आधी, सीट एकदा पूर्ण आडवी आणि पूर्ण उभी करून बघ. बिघडलेली असेल तर दुसरी मागायची हीच वेळ. एकदा सगळे झोपले की कोण उठवतंय कोणाला.

दुसरी, जेवण. एजंट भक्तिभावानं "हिंदू मील" टाकून देतात. आमच्या ह्यांच्यापुढे चिकन आलं. चूक वाढणाऱ्यांची नव्हती. एचएनएमएल म्हणजे हिंदू मील हे सामिष असतं, फक्त बीफ नसतं. आपल्याला शाकाहारी हवं तर एव्हीएमएल, म्हणजे एशियन व्हेज. कांदा-लसूण नको तर व्हीजेएमएल, जैन. उपवास असेल तर एफपीएमएल मागव, नुसती फळं येतात. निदान २४ तास आधी सांगावं लागतं, आणि दोन्ही विमानांसाठी लागलंय का ते तिकिटावर बघ. आम्हाला पहिल्यात जैन मिळालं आणि दुसऱ्यात पास्ता.

ऑस्ट्रेलियातला नागपूरकर

सर्व्हिसबद्दल कोणी बोललंच नाही, म्हणून. माझ्या अनुभवात ती त्या दिवशीच्या क्रूवर असते, पण पद्धती वेगळ्या आहेत. कतारमध्ये हवं तेव्हा जेवता येतं, आधी झोपून मग जेवलं तरी चालतं. आजींसाठी हे सोयीचं. सिंगापूरमध्ये 'बुक द कुक' म्हणून यादी असते, २४ तास आधी आपली डिश ठरवून ठेवायची. टर्किशमध्ये पांढरी टोपी घातलेला शेफ फिरतो. केएलएम उतरताना निळं-पांढरं चिनी मातीचं छोटं घर देतात, आत डच दारू असते. माझ्या शोकेसमध्ये तीन घरं आहेत, बायको म्हणते धूळ तूच पूस.

गंमत बघा, बिझनेसमध्ये पूर्ण सपाट गादी आधी ब्रिटिश एअरवेजनं आणली, २००० साली. आणि त्यांचीच जुनी सीट पुढे सगळ्यात गैरसोयीची म्हणून गाजली, कारण खिडकीवाल्याला शेजाऱ्याचे पाय ओलांडून बाहेर यावं लागायचं. २०१९ पासून दाराची नवी सीट आली, पण जुनी विमानं नकाशा पाहूनच ओळखावी लागायची.

लक्ष्मीनगरवाली

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. बाब्या, दिरांना रामराम पोचवला, ते म्हणाले इनोव्हा चालवायला येतोस का.

कतारचंच ठरतंय. एजंटला विमान विचारलं तर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण मग त्यानं नकाशा उघडला आणि न्यूयॉर्कच्या फेरीला ई-एफ मिळाल्या. एकादशी टाळून तारीख घेतली, कारण दोह्यात एकादशी कुठल्या वेळेनं धरायची यावर घरात दोन दिवस चर्चा चालली होती. व्हीलचेअरच्या फॉर्मवर तीन प्रकार आहेत, कुठला भरू? आणि हवा विरळ असते म्हणतात, आईंना बीपी आहे.

फिरता इंजिनियर

डब्ल्यूसीएचआर म्हणजे जिने चढता येतात, फक्त लांब चालवत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिने चढता येत नाहीत, पण सीटपर्यंत चालता येतं. डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंत उचलूनच न्यावं लागतं. तुम्ही मधला भरा. लोक सवयीनं पहिला भरतात, मग विमान टर्मिनलच्या पुलाऐवजी लांब उभं राहिलं की जिन्यापाशी पंचाईत. मधला भरला असेल तर वर उचलणारी गाडी येते.

हवेचं म्हणाल तर जुन्या पद्धतीच्या विमानांत केबिनची हवा ८,००० फुटांवर असावी तशी असू शकते, ए३५० मध्ये ६,००० च्या आसपास. चिखलदरा साधारण ३,६०० फूट, म्हणजे त्याच्याहून बऱ्यापैकी विरळ. बीपीबद्दल आणि पायात घट्ट मोजे घालायचे का याबद्दल डॉक्टरांनाच विचारा. मोजे त्यांनी सांगितले तर घरूनच घालून निघा, सुजलेल्या पायांवर ते चढत नाहीत. आणि गुडघ्यातल्या धातूमुळे प्रत्येक दारात टुंई होणार, ऑपरेशनचा कागद पर्समध्ये वर ठेवा.

लक्ष्मीनगरवाली

पोचलो. मुंज झाली. जेट लॅग आहे म्हणून पहाटे तीनला लिहीत बसलेय. कोणाला उपयोग होईल म्हणून सविस्तर.

नागपूर–दोहा आई जाग्याच होत्या, खिडकीतून समृद्धी महामार्ग दिसतो का ते शोधत. दोह्यात व्हीलचेअरवाल्या मुलानं आईंना थेट लाउंजकडे नेलं. वाटेत ते मोठं पिवळं अस्वल आहे ना, डोक्यात दिवा खुपसलेलं, तिथे आईंनी व्हीलचेअर थांबवली आणि म्हणाल्या, "याला कोणी शिक्षा केलीय का?" फोटो काढला. लाउंजमध्ये वरण-भात नव्हता, पण दही आणि भात वेगवेगळा मिळाला. कालवणं आपल्या हाती. पर्समधून मेतकूट निघालं.

मोठ्या विमानात बसल्याबरोबर काकूंनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही सीट आडव्या-उभ्या करून पाहिल्या. माझं बघून पलीकडच्या गृहस्थांनीही केलं. उलटं बसायचं म्हटल्यावर आई कुरकुरतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "विदर्भ एक्सप्रेसमध्ये जन्मभर उलटीच बसलेय, तुझे सासरे खिडकी सोडत नव्हते." विमान उचललं तेव्हा मात्र माझा हात धरला.

मधला पडदा खाली करून क्रूमधल्या मुलीनं दोन्ही गाद्या जोडल्या, वर पातळ गादी, मग चादर. आईंनी चादरीचा कोपरा उचलून खालची गादी दाबून पाहिली, सरकते का म्हणून. मुलगी हसली. मग आईंनी तिला स्वतःच्या पद्धतीनं कोपरा दुमडून दाखवला, दवाखान्यात नर्स करते तसा. त्या मुलीनं दुसरा कोपरा तसाच करून दिला.

रात्री तीनदा उठल्या. बटण, खुर्ची, पाय खाली, "हं". पहिल्यांदा मी बटण चुकीचं दाबलं आणि त्यांची पाठ आणखी सपाट झाली. दुसऱ्यांदा त्यांनीच माझा हात बाजूला करून दाबलं. तिसऱ्यांदा मला उठवलंच नाही. मी जागी झाले तर शेजार रिकामा! आता हाक मारायची पाळी माझी होती. दार सरकवून बाहेर आले तर आई टॉयलेटच्या अलीकडे भिंतीला धरून उभ्या, आणि कोपरे शिकलेली मुलगी त्यांना कसलासा चहा देऊन राहिलेली. दोघी बोलत होत्या. आई मराठीत, ती इंग्रजीत.

जैन जेवण दोन्ही विमानांत बरोबर आलं. दुसऱ्यात पनीर होतं, चव बरी, मीठ कमी. चॉकलेट आईंनी नातवासाठी पर्समध्ये टाकली, माझ्या वाट्याचीसुद्धा. माझी झोप म्हणाल तर चार तास झाली असेल.

बर्डीचा बाब्या

ताई, परत येताना सांगा, मी घ्याले येतो. आजीले पुढची सीट देईन, फ्लॅट मात्र होत नाही.

नवीन सभासद, मनीषनगर

धागा आजच वाचला. आईबाबांना सप्टेंबरमध्ये शिकागोला पाठवायचंय, दोघंच जाणार. ताई, ई-एफचे ओळ नंबर सांगाल का?

लक्ष्मीनगरवाली

नंबर विमानाप्रमाणे बदलतो, माझा सांगून उपयोग नाही. सीट निवडायचा नकाशा उघडा, मधल्या दोन सीट एकमेकींना चिकटलेल्या दिसतील ती ओळ धरा. मधे फट दिसली तर ती नाही, त्या दोन्ही रस्त्याच्या कडेला असतात. आणि तिकीट काढल्यावर आठवड्यानं एकदा नकाशा पुन्हा उघडून बघा, विमान बदललं तर सीटही हलते. आईबाबांना बटणं मात्र आधी घरी शिकवू नका, माझ्या सासूबाई विमानातच माझ्यापेक्षा लवकर शिकल्या.